महासाथीच्या काळातील दुकानांचे नियम: ग्राहक म्हणून तुमचा अनुभव काय होता?

गिरगावकर

नमस्कार मंडळी,

आमच्या गल्लीतील काही दुकानदार आणि रहिवासी मिळून एक छोटे टिपण तयार करीत आहोत. पुन्हा कधी साथ आलीच, तर दुकानांनी अगदी सुरुवातीपासून काय करावे आणि काय टाळावे, एवढाच त्याचा विषय आहे. २०२० ते २०२२ या कोविडच्या काळातले शासनाचे आणि मुंबई महापालिकेचे आदेश शोधले तर सापडतात, परंतु ते आदेश दुकानाच्या दारात प्रत्यक्ष कसे पाळले गेले याची नोंद कोणी ठेवलेली नाही आणि ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्याही आठवणी आता पुसट होत चालल्या आहेत. म्हणून येथे विचारते आहे.

माझे निरीक्षण आधी सांगते. दुकानात एका वेळी पाचांहून अधिक ग्राहक नसावेत आणि ग्राहकांमध्ये सहा फुटांचे अंतर असावे, असे केंद्रीय गृह मंत्रालयाचे निर्देश होते. गिरगावातील जुन्या किराणा दुकानांत मुळात ग्राहक आत जातच नाही. तो पदपथावर उभा राहून सामान मागतो आणि वाणी फळीपलीकडून देतो. त्यामुळे आत किती माणसे असावीत हा मुद्दा आमच्याकडे गौण होता, खरी अडचण पदपथाची होती. सहा-सहा फुटांवर रंगाने वर्तुळे आखली की रांग शेजारच्या दुकानांची दारे अडवी, आणि येणारे-जाणारे त्याच रांगेतून अंग चोरून वाट काढीत. मग अंतर कसले राहणार?

आमच्या वाण्याने यावर काढलेला उपाय लिहून ठेवण्यासारखा आहे. त्याने फळीपासून हातभर पुढे सुतळी बांधली, तिला एक पुठ्ठा अडकवला आणि त्यावर ‘यादी टोपलीत टाकावी, नाव पुकारल्यावर यावे’ असे लिहिले. लोक यादी टाकून समोरच्या इमारतीच्या सावलीत किंवा आपापल्या जिन्याशी जाऊन थांबू लागले. उन्हात रांग लावण्याची गरजच उरली नाही. ही युक्ती कोणत्याही आदेशात नव्हती, ती जागा ओळखून काढलेली होती, आणि आमच्या टिपणात मला अशाच गोष्टी हव्या आहेत.

तुम्हांला कोणत्या नियमाचा खरोखर उपयोग झाला, कोणता नियम नुसता दाखवण्यापुरता होता, आणि एखाद्या नियमामुळे तुमच्या घरातले किंवा शेजारचे कोणी खरेदीलाच मुकले का, हे कृपया सविस्तर लिहावे. नियम सतत बदलत होते, म्हणून भाग, दुकानाचा प्रकार आणि साधारण काळ यांचा उल्लेख केल्यास बरे होईल. दुकानांची नावे मात्र देऊ नयेत. तक्रार निवारण हा या धाग्याचा हेतू नाही.

पार्लेकर

गिरगावकरताई, काम मोलाचे आहे. मी दोन निरनिराळ्या काळांतले अनुभव लिहितो.

पहिला अनुभव कापड दुकानांचा आहे. ‘पुनश्च हरिओम’च्या, म्हणजे टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवण्याच्या राज्य शासनाच्या मोहिमेच्या, दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे ५ जून २०२० पासून, रस्त्याच्या एका बाजूची दुकाने सम तारखेला आणि दुसऱ्या बाजूची विषम तारखेला उघडू लागली. त्या वेळी कपडे घालून पाहण्याच्या खोल्या बंद ठेवायच्या होत्या आणि विकलेला माल बदलून किंवा परत घ्यायचा नव्हता. एकाच्या अंगाला लागलेला कपडा दुसऱ्याच्या अंगाला लागू नये, हा त्यामागचा विचार त्या वेळच्या माहितीनुसार समजण्यासारखा होता. परंतु ग्राहकाची पारखून घेण्याची सोय काढून घेतली, तर तिच्या बदल्यात दुकानाने काहीतरी द्यायला हवे होते. पार्ल्यातील एका दुकानात ते दिले जात होते. घरून मापाचा जुना सदरा आणा, असे विक्रेता फोनवरच सांगे. तो काउंटरवर पसरून त्याच्या शेजारी नवा ठेवी, खांदा, छाती आणि बाहीची लांबी टेपने मोजून दाखवी आणि ग्राहकाने होकार दिल्यावरच पावती फाडी. आम्ही तेथून घेतलेले कपडे नीट बसले.

दुसऱ्या एका दुकानात मुलासाठी घेतलेल्या पँटची चेन पहिल्याच दिवशी निघाली. ती परत न्यायला गेलो तेव्हा भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवण्यात आले. न आवडलेला माल आणि सदोष माल यांतला फरक त्या दुकानाने साथीच्या आड पुसून टाकला होता. २० जुलै २०२० पासून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू झाला. त्यानुसार सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते आणि पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. कपडे घालून पाहण्याच्या खोल्या पुढे उघडल्या, तरी ती पाटी त्या भिंतीवर तशीच होती, याचा मला आजही राग येतो. म्हणून टिपणात एक वाक्य जरूर घाला: साथीपुरता लावलेला प्रत्येक नियम कोणत्या आदेशामुळे आणि कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे पाटीवरच लिहिलेले असावे.

दुसरा काळ ‘ब्रेक द चेन’चा, म्हणजे दुसऱ्या लाटेत राज्य शासनाने लावलेल्या निर्बंधांचा. २० एप्रिल २०२१ पासून किराणा, भाजी, दूध यांची दुकाने सकाळी ७ ते ११ एवढाच वेळ उघडी राहू लागली. १ जूनपासून ती वेळ दुपारी २ पर्यंत वाढली. दिवसभर विखुरलेली खरेदी चार तासांत कोंबली गेली आणि दहाच्या सुमारास बाजारात पाय ठेवायला जागा नसे. संसर्ग शिगेला पोहोचलेला असताना गर्दी वाढवणारा हा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता. त्यातल्या त्यात आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानाने पहिला अर्धा तास ज्येष्ठांसाठी राखून ठेवला होता आणि इतरांच्या याद्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊन सामान सकाळी पोऱ्याबरोबर घरपोच पाठवले. माझ्या आईला त्या काळात एकदाही गर्दीत जावे लागले नाही.

लालबागची दुकानदार

मी ग्राहक म्हणून नव्हे, तर फळीच्या आतून लिहिते. चालत नसेल तर प्रतिसाद काढून टाकावा, पण ही बाजू टिपणात यायला हवी असे मनापासून वाटते.

महापालिकेने ८ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला. पुढे रस्त्यावर महापालिकेने नेमलेले क्लीन-अप मार्शल २०० रुपये दंड करू लागले, परंतु दुकानाच्या दारात मार्शल नसतो. तेथे दुकानातलाच कोणीतरी असतो. बहुतेक दुकानांत हे काम सर्वांत लहान आणि सर्वांत कमी पगाराच्या मुलावर ढकलले गेले. वडिलांच्या वयाच्या गृहस्थांना ‘काका, मास्क नाकावर घ्या’ असे त्याने सांगायचे, त्यांनी ‘तू मला शिकवणार का?’ म्हणायचे आणि गिऱ्हाईक तुटले की मालकाने त्यालाच बोलायचे. आमच्याकडे हे सुरू झाल्यावर मी आणि माझे दीर आळीपाळीने दारात उभे राहू लागलो. मालकाने सांगितले की लोक ऐकतात. जी माणसे मुलाशी हुज्जत घालीत होती तीच मला ‘हो वहिनी’ म्हणून मास्क वर घेत. अडवण्याचे काम ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने करावे, हे मला पहिल्या पानावर लिहिलेले पाहायला आवडेल.

२७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने तर दुकानात कोणी नियम मोडलेला आढळल्यास त्या व्यक्तीला ५०० आणि दुकानाला १०,००० रुपये दंड ठेवला. रुमाल म्हणजे मास्क नव्हे, हेही त्या आदेशात स्पष्ट केलेले होते. लालबाग-परळमध्ये तोंडाला रुमाल बांधणारे खूप, विशेषतः वयस्कर पुरुष. त्यांना परत पाठवणे जिवावर येई, म्हणून आम्ही गल्ल्याशेजारी तीन पदरी मास्कचे खोके ठेवले आणि लागेल त्याला फुकट दिला. राज्य शासनाने ऑक्टोबर २०२० मध्येच मास्कच्या किमतींवर मर्यादा घातली होती, तीन पदरी मास्क तीन-चार रुपयांना मिळत होता. दहा हजारांच्या दंडापुढे तो खर्च काहीच नव्हता.

आता जी गोष्ट कोणाच्या फारशी लक्षात आली नाही ती सांगते. आम्ही काउंटरवर जाड प्लास्टिकचा पडदा लावला होता. आमचा मास्क, गिऱ्हाइकाचा मास्क आणि मधला पडदा यांमुळे बोललेले कळेना. ज्यांना कमी ऐकू येते अशा आजी-आजोबांना समोरच्याचे ओठही दिसत नव्हते. मग काय होई? आजी पडद्याच्या कडेला येत, मास्क हनुवटीवर ओढत आणि मोठ्याने विचारत, ‘तूरडाळ काय भाव?’ म्हणजे ज्या क्षणी तोंड झाकलेले असायला हवे, नेमके त्याच क्षणी ते उघडे पडे, आणि तेही ओरडण्यासाठी. काही दिवस पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले की निम्मे बोलणे भाव विचारण्यापुरतेच असते. शटरच्या बाहेर, डोळ्यांच्या उंचीवर, एक काळा फळा टांगला आणि रोज सकाळी डाळी, तांदूळ, साखर, तेल, साबण यांचे भाव मोठ्या अक्षरांत लिहू लागलो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना रांगेतला पुढचा माणूस वाचून दाखवी. पडदा आम्ही नंतर काढला. फळा अजून आहे.

नोटांविषयी एवढेच की लोक नोटा उन्हात वाळवत आणि इस्त्रीही करीत, पण आम्ही एक ताटली ठेवली होती: पैसे तीत ठेवायचे, सुटे तीतूनच उचलायचे आणि नंतर दोघांनीही हात धुवायचे.

मुलुंडचा औषधविक्रेता

लालबागच्या ताईंनी मास्क खाली ओढण्याबद्दल जे लिहिले आहे, ते रोगप्रसाराच्या दृष्टीनेही अगदी योग्य आहे. त्याच धाग्याला जोडून लिहितो.

पहिल्या वर्षी दुकानांचा बहुतेक पैसा आणि कष्ट वस्तू पुसण्यात गेले. दुधाच्या पिशव्या धुणे, भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवणे, पुड्यांवर फवारा मारणे हे सर्व भीतीपोटी होते आणि त्या वेळी त्यात गैर काहीच नव्हते. परंतु एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने पृष्ठभागांवरून संसर्ग होण्याचा धोका साधारणतः दहा हजारांत एकापेक्षा कमी असल्याचे म्हटले, आणि त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेनेही हवा खेळती नसलेल्या, गर्दीच्या बंद जागांतील प्रसाराची बाब आपल्या माहितीत स्पष्टपणे मांडली. श्वासातून, बोलण्यातून आणि विशेषतः मोठ्याने बोलण्यातून बाहेर पडणारे सूक्ष्म कण अशा जागेत बराच वेळ तरंगत राहतात. या माहितीनंतर नियमांचा भर बदलायला हवा होता. तो फार थोड्या दुकानांनी बदलला.

मुंबईत मॉल ५ ऑगस्ट २०२० पासून उघडले. दारात कपाळाशी यंत्र धरून तापमान मोजत आणि हातावर सॅनिटायझरचा थेंब टाकत. आत मात्र काही वातानुकूलित दुकानांत सर्व दारे-खिडक्या बंद, अरुंद वाटा आणि बिल करण्यासाठी एकच रांग असे चित्र मी पाहिले आहे. तापमानयंत्र कपाळाच्या त्वचेचे तापमान दाखवते; उन्हातून आलेल्या माणसाचे ते चुकू शकते आणि लागण झालेल्या कित्येकांना ताप नसतोच. तापमान मोजायला माझा विरोध नाही, पण ते मोजल्यामुळे आतली हवा सुरक्षित झाली असा जो समज पसरला तो घातक होता. गिरगावकरताईंच्या वाण्याने लोकांना पदपथावर उघड्या हवेत पांगवले, हे त्या सगळ्या उपकरणांहून अधिक गुणकारी होते. एक चांगली गोष्टही नमूद करतो: हात धुण्यावर दिलेला भर योग्यच होता. या विषाणूचे आवरण स्निग्ध पदार्थाचे असते आणि साबणाने ते फुटते, म्हणून दुकानाबाहेर साधा नळ आणि साबणाची वडी ठेवणाऱ्यांनी कमी खर्चात चांगले काम केले.

माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारणारे बोगदे काही ठिकाणी उभारले होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० रोजीच अशी फवारणी करू नये असे सांगितले होते. हा प्रकार टिपणात स्पष्ट शब्दांत वर्ज्य ठरवावा.

औषध दुकानाचा प्रश्न सर्वांहून वेगळा आहे आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे. किराणा दुकानात आजारी माणूस येऊ नये अशी अपेक्षा ठेवता येते. औषध दुकानात तोच येतो. ताप आहे, खोकला आहे, घरात दुसरे कोणी नाही, म्हणून तो स्वतः चिठ्ठी घेऊन उभा राहतो. त्याला दारातून हाकलणे हा नियम असूच शकत नाही. आम्ही दुकानाच्या बाजूच्या खिडकीपाशी वेगळी जागा ठेवली, तेथे घंटा लावली आणि ज्याला ताप किंवा खोकला असेल त्याने रांगेत न थांबता तेथे यावे, असे लिहिले. घरीच विलगीकरणात असलेल्यांसाठी चिठ्ठीचा फोटो मागवून औषधे इमारतीच्या पहारेकऱ्याकडे ठेवत होतो. खिडकीपाशी येणाऱ्याला लाज वाटू नये, याची काळजी मात्र घ्यावी लागते. सुरुवातीला रांगेतले लोक त्याच्याकडे वळून पाहत, म्हणून खिडकीवरची पाटी आम्ही बदलली आणि ‘तातडीची औषधे’ एवढेच लिहिले.

शिवडीची रहिवासी

वरचे सर्व प्रतिसाद वाचले. पार्लेकर, आपल्या आईंची सोय झाली हे ऐकून बरे वाटले, परंतु व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आणि घरपोच सामान हा उपाय सर्वांसाठी होता असे टिपणात लिहू नये, अशी माझी विनंती आहे.

आमच्या चाळीत धुणीभांडी करणाऱ्या, भाजीची टोपली घेऊन बसणाऱ्या आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बायका राहतात. त्यांची खरेदी रोजची असते: पाव किलो तांदूळ, दहा रुपयांची चहापत्ती, छोट्या बाटलीत तेल. घरपोच सामान देणाऱ्या दुकानांनी किमान पाचशे रुपयांच्या खरेदीची अट घातली होती, आणि ती रक्कम हातात एकरकमी असणे हेच त्या महिन्यांत अवघड होते. सकाळी ७ ते ११ च्या वेळेत त्या ज्या घरांत कामाला परवानगी होती तेथे कामावर असत. पैसे दुपारी हातात पडत आणि तेव्हा शटर खाली गेलेले असे. जून २०२० च्या अखेरीस पोलिसांनी खरेदीसाठी घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जाऊ नये असे बजावले, तेव्हा स्वस्तात सामान मिळणारा बाजारही लांब पडला. पुढे लसीच्या दोन मात्रा झाल्याचा पुरावा मागितला जाऊ लागला. ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांच्यासाठी माझ्या मुलीने प्रमाणपत्रांच्या छापील प्रती काढून दिल्या आणि त्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्या बायका बाळगत असत.

नियम कोणी मोडले याची चर्चा पुष्कळ झाली. नियम पाळूनही कोणाच्या घरी त्या रात्री चूल उशिरा पेटली, याचीही नोंद टिपणात असावी.

गिरगावकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाटीवर आदेश आणि मुदत लिहिणे, दारात मालकाने स्वतः उभे राहणे, बाहेर भावफलक लावणे आणि आजारी ग्राहकासाठी वेगळी खिडकी ठेवणे या गोष्टी मसुद्यात घेतल्या आहेत. हवेबद्दलचा मजकूर सर्वांत आधी येईल आणि वस्तू पुसण्याबद्दलचा दोन ओळींत आटोपेल.

शिवडीच्या ताईंनी मांडलेल्या प्रश्नावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. किमान खरेदीची अट ठेवू नये असे लिहिणे सोपे आहे, परंतु पाव किलोसाठी पोऱ्याला तीन जिने चढायला लावणे दुकानाला परवडणार कसे? लालबागच्या ताई, तुमच्याकडे असे गिऱ्हाईक असणारच. तुम्ही काय केलेत?

लालबागची दुकानदार

आम्ही अट घराला न लावता चाळीला लावली. एका मजल्यावरच्या सर्वांच्या याद्या एक बाई गोळा करी आणि दुपारी तीनपर्यंत फोनवर सांगे. सर्वांचे मिळून पाचशेच्या वर गेले की आमचा मुलगा हातगाडीवरून एकाच खेपेत सामान नेई. मग एकीचे वीस रुपयांचे असले तरी काही बिघडत नसे. दुकान बंद झाल्यावर घरपोच सामान देण्यास परवानगी होती, त्यामुळे कामावरून परतलेल्या बायकांनाही ते संध्याकाळी मिळे. ज्यांच्याकडे पैसे नसत त्यांचे उधारीच्या वहीत लिहिले जाई; बहुतेकांनी पुढे फेडले, काहींचे आम्ही सोडून दिले.

मसुद्यात घेणार असाल तर एक बारीकशी गोष्ट लिहा. प्रत्येकीची पिशवी वेगळी बांधावी आणि तिच्यावर नावाऐवजी खोली क्रमांक ठळक लिहावा, कारण एकाच मजल्यावर एकाच आडनावाची तीन-चार घरे असतात आणि जिन्यात पिशव्या उघडून सामान ताडून पाहायची वेळ आली की तेथेच गर्दी होते.